कोरियातील शस्त्रसंधी आणि भारताची तटस्थता

१९५२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ८ तारखेस, कोरियातील पान्मुन्जोम नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात, संयुक्त राष्ट्रांच्या लष्करी प्रतिनिधिमंडळाचे प्रमुख जनरल हॅरिसन यांनी, आमच्या सूचनांपैकी एखादी तरी तुम्ही मान्य कराल किंवा तितक्याच विधायक स्वरूपाची सूचना स्वतः होऊन मांडाल तेव्हा आम्ही पुन्हा येथे येऊ, असे प्रतिपक्षास सांगून बैठक बेमुदत तहकूब केली. त्या वेळी या वाटाघाटींना पंधरा महिने झाले होते. दोन्ही फौजांमधील सीमारेषा ठरली होती, शस्त्रसंधीवर देखरेख कोणी व कशी ठेवावी याचा तपशील बव्हंशी ठरला होता, पुढील राजकीय परिषदेविषयीचे कलमही लिहून झाले होते; राहिला होता तो युद्धकैद्यांचा प्रश्न, आणि त्या एका प्रश्नापायी आणखी नऊ महिने डोंगरमाथ्यांवर माणसे रोज मरत राहिली. हा पेच शेवटी ज्या मसुद्याच्या आधाराने सुटला, तो मसुदा स्वतंत्र होऊन जेमतेम पाच वर्षे झालेल्या, या युद्धात एकही लढाऊ पलटण न धाडलेल्या आणि दोन्ही पक्षांच्या शिव्याशापांचा धनी झालेल्या भारताचा होता, ही गोष्ट आपल्याकडे जितकी परिचित असावयास हवी तितकी ती नाही.

कोरियाशी भारताचा राजकीय संबंध युद्धाच्या आधीच जडलेला होता. दुसरे महायुद्ध संपताना जपानी फौजांची शरणागती स्वीकारण्याच्या सोयीसाठी ३८व्या अक्षांशावर जी रेघ ओढली गेली, तिच्या उत्तरेस रशियाचा आणि दक्षिणेस अमेरिकेचा अंमल बसला, आणि केवळ लष्करी सोयीसाठी ओढलेल्या त्या रेघेच्या दोन बाजूंस पाहता पाहता दोन राज्ये उभी राहिली. सबंध देशात निवडणुका घेऊन एकच सरकार स्थापण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी जो तात्पुरता आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपद भारताचे के. पी. एस. मेनन यांच्याकडे होते. उत्तरेत त्या आयोगास पाऊल टाकू देण्यात आले नाही. मे १९४८ मध्ये निवडणुका झाल्या त्या एकट्या दक्षिणेत. एका देशाचे दोन तुकडे होणे म्हणजे काय हे त्याच सुमारास स्वतःच्या अंगावर सोसलेल्या भारताला, कोरियाच्या फाळणीतील धोका इतर अनेकांपेक्षा लवकर उमगला असल्यास त्यात नवल नाही.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजांनी ती रेघ ओलांडली, तेव्हा भारत सुरक्षा परिषदेचा सभासद होता आणि त्या महिन्याचे अध्यक्षपद भारताचे प्रतिनिधी सर बेनेगल राव यांच्याकडे होते. उत्तर कोरियाने शांततेचा भंग केला आहे आणि त्याने आपल्या फौजा मागे घ्याव्यात, या पहिल्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले. दक्षिण कोरियास सशस्त्र साहाय्य करावे, हा दुसरा ठराव दोनच दिवसांनी आला, त्या वेळी दिल्लीहून सूचना येऊन न पोहोचल्यामुळे राव यांनी मतदानात भाग घेतला नाही. परंतु २९ जून रोजी भारत सरकारने तोही ठराव मान्य असल्याचे जाहीर केले. ७ जुलैला मात्र, सर्व फौजा अमेरिकेच्या एकछत्री सेनापतित्वाखाली आणण्याचा ठराव आला तेव्हा, भारत तटस्थ राहिला. आक्रमणाला आक्रमण म्हणावयाचे, परंतु त्याच्या प्रतिकाराचे रूपांतर आशिया खंडातील मोठ्या युद्धात होऊ द्यावयाचे नाही, अशी ही भूमिका होती. लढाऊ फौजेऐवजी भारताने ६०वे पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली धाडले. नोव्हेंबर १९५० मध्ये ते पुसान बंदरात उतरले, आणि पुढील मार्चमध्ये मुन्सान येथे अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर या पथकाच्या डॉक्टरांनी व परिचारकांनीही विमानांतून उड्या घेतल्या. भारत दूर उभा राहून उपदेश करीत होता असे म्हणणाऱ्यांनी या माणसांचा विसर पडू देऊ नये.

१३ जुलै १९५० रोजी पंडित नेहरूंनी स्टालिन आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अॅचिसन या दोघांना पत्रे पाठवून, पेकिंगच्या नव्या सरकारला सुरक्षा परिषदेत जागा द्यावी, त्या निमित्ताने बहिष्कार टाकून बसलेल्या रशियाने परत यावे, आणि मग सर्वांनी मिळून कोरियाचा झगडा मिटवावा, असे सुचविले. स्टालिनने त्याचे स्वागत केले, अॅचिसनने ते अमान्य केले, आणि आक्रमकाला बक्षीस देण्याचा हा प्रकार आहे अशी टीका अमेरिकेत झाली. टीका सर्वस्वी निराधार होती असे मला वाटत नाही, कारण दोन वेगळे प्रश्न एका खलित्यात बांधल्याने त्यांपैकी न्याय्य असलेला प्रश्नही संशयास्पद ठरतो. परंतु ज्या सत्तेशी लढाई जुंपण्याची भीती आहे तिला सभागृहाबाहेर ठेवून तहाची बोलणी करता येत नाहीत, हे नेहरूंचे मूळ प्रतिपादन पुढील तीन महिन्यांत रक्ताने सिद्ध झाले.

सप्टेंबरमध्ये इंचॉनवर उतरून संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे सेनापती जनरल मॅकार्थर यांनी उत्तर कोरियाची फौज उधळून लावली, आणि ३८व्या अक्षांशापलीकडे जावे की न जावे हा प्रश्न उभा राहिला. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी पेकिंगमधील भारताचे वकील सरदार पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतले आणि, अमेरिकन फौजा ती रेघ ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. अमेरिका व चीन यांच्यात वकिलात नव्हती. हा निरोप दिल्लीवाटे वॉशिंग्टनला पोहोचावा म्हणूनच ती मध्यरात्रीची भेट होती. निरोप पोहोचलाही. परंतु पणिक्कर हे चीनच्या बाजूला झुकलेले गृहस्थ आहेत, असा ग्रह तिकडे आधीच झाला असल्यामुळे, निरोप देणाऱ्याच्या अधिकाराऐवजी निरोप आणणाऱ्याच्या प्रवृत्तीचीच चर्चा झाली, आणि एका सत्तेने दुसऱ्या सत्तेस दिलेला रीतसर इशारा धमकीबाज बोलणे म्हणून बाजूस ठेवण्यात आला. फौजा रेघ ओलांडून गेल्या. ऑक्टोबर सरता सरता चिनी पलटणी यालू नदी उतरून आल्या. ४ जानेवारी १९५१ रोजी सोल शहर दुसऱ्यांदा पडले. मध्यस्थाचे पहिले दुर्दैव हे की तो ज्याचा निरोप आणतो त्याचा पक्षपाती गणला जातो.

त्या हिवाळ्यात युद्धबंदीचा मार्ग शोधण्यासाठी आमसभेने इराणचे एन्तेझाम, कॅनडाचे लेस्टर पिअर्सन आणि भारताचे राव यांची त्रिसदस्य समिती नेमली. चीनने तिला दाद दिली नाही. त्यानंतर चीनला आक्रमक ठरविणारा ठराव अमेरिकेने पुढे आणला, आणि १ फेब्रुवारी १९५१ रोजी तो संमत झाला, तेव्हा रशियाच्या गोटाबाहेरील केवळ दोन राष्ट्रांनी, भारताने व ब्रह्मदेशाने, विरोधी मते दिली. ज्याच्याशी बोलणी करावयाची त्याला आधी गुन्हेगार म्हणून घोषित केल्यास बोलण्याचा दरवाजा बंद होतो, हे भारताचे म्हणणे होते. या मताची किंमत लहान नव्हती. देशात त्या वर्षी धान्याची विलक्षण टंचाई होती, आणि डिसेंबर १९५० मध्ये भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले होते. ती मागणी अमेरिकन काँग्रेसमध्ये महिनोन् महिने अडकून पडली. कोरियाविषयीच्या भारताच्या धोरणावर तेथे खरमरीत भाषणे झाली. आणि १९ कोटी डॉलरांच्या कर्जाचा कायदा झाला तो जून १९५१ मध्ये. घरात दाणा नसताना सावकाराच्या तोंडावर त्याला न रुचणारे मत सांगावयास जे धैर्य लागते, ते त्या वेळच्या सरकारने दाखविले, आणि हे लिहिताना मला त्याचा अभिमान वाटतो.

१० जुलै १९५१ रोजी कैसाँग येथे शस्त्रसंधीची बोलणी सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ती पान्मुन्जोमला नेण्यात आली. आरंभी एका बाजूस व्हाइस अॅडमिरल टर्नर जॉय, दुसऱ्या बाजूस उत्तर कोरियाचे जनरल नाम इल. सलोख्याच्या बोलण्यांस आवश्यक असलेला किमान परस्परविश्वासही तेथे नव्हता. १० ऑगस्टच्या बैठकीत दोन्ही प्रतिनिधिमंडळे एकमेकांकडे पाहत दोन तास अकरा मिनिटे अवाक्षर न बोलता बसून राहिली, यावरून त्या मेजावरच्या हवेची कल्पना यावी. तरीही नोव्हेंबरअखेर सीमारेषेवर एकमत झाले, आणि नाताळपर्यंत लढाई थांबेल अशी आशा दोन्हीकडच्या सैनिकांना वाटू लागली.

ती आशा कैद्यांच्या याद्यांनी मावळविली. १८ डिसेंबर रोजी याद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीत सुमारे १ लक्ष ३२ हजार नावे होती आणि प्रतिपक्षाच्या यादीत जेमतेम साडेअकरा हजार. १९४९च्या जिनीव्हा कराराच्या ११८व्या कलमान्वये, लढाई संपताच युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून स्वदेशी पाठविले पाहिजे. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर महायुद्धानंतर वर्षानुवर्षे परक्या मुलखात राबविले गेलेले कैदी होते. कैदी स्वतःच घरी जाण्यास नकार देईल, ही कल्पना त्यांनी फारशी केलेली नव्हती. आणि कोरियात नेमके तेच घडले. चिनी कैद्यांत चांग कै-शेकच्या फौजेतून शरण आलेले आणि मग नव्या राजवटीने आघाडीवर धाडलेले पुष्कळ सैनिक होते. उत्तरेच्या फौजेत दक्षिणेतून बळजबरीने भरती केलेले तरुण होते. १९५२च्या आरंभी अमेरिकेने भूमिका घेतली की ज्याला परत जावयाचे नाही त्याला संगिनीच्या टोकावर परत धाडणार नाही. एप्रिलमध्ये छाननी होऊन, सुमारे सत्तर हजार कैदीच परत जावयास तयार आहेत, हा आकडा प्रतिपक्षास कळविण्यात आला, आणि त्याबरोबर वाटाघाटींचा प्राणच गेला. आपल्या नव्या राज्याकडे पाठ फिरविणारे सैनिक इतक्या मोठ्या संख्येने आहेत, ही कबुली पेकिंग किंवा प्याँगयांग देऊ शकत नव्हते.

येथे न्याय कोणत्या बाजूस होता, हे सांगणे सोपे नाही. कराराचे अक्षर साम्यवादी पक्षाच्या बाजूने होते आणि माणुसकीचा अर्थ अमेरिकेच्या बाजूने होता, असे वरवर पाहता वाटते. परंतु कैद्याची इच्छा ज्या ठिकाणी विचारली गेली, ते ठिकाण पाहिले म्हणजे तेही तितके सरळ राहत नाही. कोजे बेटावरील छावण्यांचे अंतर्गत राज्य कैद्यांच्या टोळ्यांच्या हाती होते. काही आवारांत साम्यवादी पुढाऱ्यांचा अंमल, काही आवारांत त्यांच्या विरोधकांचा. रात्री गुप्त न्यायालये भरत, देहदंड दिले जात, आणि साम्यवादविरोधी आवारांत कैद्यांच्या अंगावर घोषणा गोंदल्या जात, की ज्यांच्यासह मायदेशी परतण्याची कोणास छाती होऊ नये. ७ मे १९५२ रोजी तर तेथील छावणीप्रमुख जनरल डॉड यांनाच कैद्यांनी ओढून आत नेले आणि ओलीस ठेवले. अशा ठिकाणी माणसाने उच्चारलेले 'जातो' किंवा 'जात नाही' हे शब्द त्याचे स्वतःचे किती आणि शेजारच्याच्या भयाचे किती, हे कोण सांगणार?

याच प्रश्नावर भारताने बोट ठेवले. १७ नोव्हेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्क येथे व्ही. के. कृष्ण मेनन यांनी आमसभेच्या राजकीय समितीपुढे जो ठराव मांडला, त्यातील युक्ती अशी होती की तिच्यामुळे दोन्ही पक्षांची तत्त्वे शाबूत राहत होती. युद्धकैद्यांना मुक्त करून स्वदेशी पाठवावयाचे ते जिनीव्हा करारानुसारच, असे आरंभी म्हटले होते. त्यामुळे चीनचा मुद्दा मान्य होत होता. कोणालाही परत नेण्यासाठी किंवा परत जाण्यापासून अडविण्यासाठी बळाचा उपयोग करावयाचा नाही, असे त्यालाच जोडून म्हटले होते. त्यामुळे अमेरिकेचा मुद्दा मान्य होत होता. आणि या दोन वाक्यांमधील दरी भरून काढण्यासाठी कैद्यांना पकडणाऱ्यांच्या ताब्यातून काढून स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या चार राष्ट्रांच्या आयोगाच्या हवाली करावयाचे, मतभेद झाल्यास निर्णय देण्यासाठी एक पंच ठेवावयाचा, आणि प्रत्येक देशाच्या प्रतिनिधींना आपल्या सैनिकांना भेटून त्यांची समजूत घालण्याची मोकळीक द्यावयाची, अशी योजना होती. कृष्ण मेनन यांच्या स्वभावातील काटे सर्वश्रुत आहेत. त्यांच्या वाणीने भारताला मित्रांपेक्षा शत्रू अधिक मिळवून दिले, असे मानणारांपैकी मीही एक आहे. पण त्या दोन महिन्यांत त्या माणसाने रात्रीचा दिवस करून एकेका प्रतिनिधीच्या दारी खेपा घातल्या, मसुद्यातील एकेक शब्द बदलून पाहिला, ते काम त्यांच्या साऱ्या दोषांना पुरून उरणारे आहे.

अॅचिसन यांना हा ठराव रुचला नाही. परत न जाणाऱ्या कैद्यांचे शेवटी काय होणार हे त्यात स्पष्ट नव्हते, आणि राजकीय परिषद निष्फळ झाल्यास ही माणसे अनंत काळ कैदेत खितपत पडतील, ही त्यांची हरकत रास्तच होती. इंग्लंडचे ईडन आणि आमसभेचे अध्यक्ष असलेले पिअर्सन यांनी मात्र मेनन यांची पाठराखण केली. आणि दुरुस्ती होऊन असे ठरले की नव्वद दिवसांनंतर उरलेल्यांचा प्रश्न राजकीय परिषदेपुढे जावा, आणि तेथे आणखी तीस दिवसांत तो न सुटल्यास त्यांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांनी घ्यावी. वाद येथवर आला असता २४ नोव्हेंबर रोजी रशियाचे विशिन्स्की यांनी भारताच्या ठरावावर अत्यंत कठोर हल्ला केला. त्या हल्ल्याने एक अनपेक्षित उपकार झाला: अमेरिकेची उरलीसुरली अनिच्छा मावळली, आणि ३ डिसेंबर रोजी ५४ विरुद्ध ५ मतांनी ठराव संमत झाला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या चीननेही पंधरवड्याच्या आत तो झिडकारला. दिल्लीस ती निराशा फार लागली, कारण पेकिंगचा कल अनुकूल असावा असे आपल्या मुत्सद्द्यांना तोपर्यंत वाटत आले होते.

पण झिडकारलेला मसुदाही दप्तरी पडून राहिला म्हणजे वाया जातोच असे नाही. ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन मरण पावला. महिना सरण्यापूर्वी आजारी व जखमी कैद्यांची अदलाबदल करण्यास साम्यवादी पक्ष तयार झाला, आणि ३० मार्च रोजी चाऊ एन-लाय यांनी, घरी जाण्यास नाखूष असलेल्या कैद्यांना तटस्थ राष्ट्राच्या स्वाधीन करावे, असे सुचविले. २६ एप्रिलला पान्मुन्जोमची बोलणी पुन्हा सुरू झाली, आणि ८ जूनला कैद्यांविषयीचा जो करार झाला त्याची चौकट पाहिली असता ती कृष्ण मेनन यांच्या ठरावाचीच आहे हे कोणाच्याही ध्यानात येईल. फरक इतकाच की त्या चार राष्ट्रांत पाचवे राष्ट्र म्हणून भारत आला, आयोगाचे अध्यक्षपद व पंचाचा अधिकार भारताकडे आला, आणि कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा घेण्यासाठी लागणारी फौज एकट्या भारताने द्यावी असे ठरले. त्या आधी मे महिन्यात दिल्लीस आलेले अमेरिकेचे नवे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी, बोलणी फिसकटल्यास युद्ध अधिक उग्र होईल असे नेहरूंना सांगितले होते, आणि अणुबाँबच्या धाकाचा निरोप नेहरूंच्या मार्फत चीनला पोहोचल्यामुळेच तह झाला, असा दावा पुढे केला गेला. असा निरोप आपण पोहोचविल्याचे नेहरूंनी नाकारले आहे. १८ जूनला दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी सुमारे २७ हजार कैद्यांना परस्पर छावण्यांबाहेर सोडून देऊन सर्व उधळून लावण्याचा प्रयत्न केला, तरीही २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. कैसाँगच्या पहिल्या बैठकीपासून दोन वर्षे आणि सतरा दिवस लोटले होते, आणि अमेरिकेच्या एकंदर सैनिकहानीपैकी निम्म्याच्या आसपास हानी या बोलण्यांच्या काळात झाली होती.

आयोगाचे अध्यक्ष म्हणून लेफ्टनंट जनरल थिमय्या यांची, आणि भारतीय अभिरक्षक दलाचे प्रमुख म्हणून मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची नेमणूक झाली. थोरात कोल्हापूर संस्थानातील वडगावचे. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कांगावच्या लढाईत थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन हे तीन हिंदी अधिकारी आपापल्या पलटणी घेऊन खांद्याला खांदा लावून लढले होते आणि तिघांनाही डी. एस. ओ. हा बहुमान मिळाला होता. त्यांपैकी दोघे आता, एकही गोळी न झाडता पार पाडावयाच्या एका अपूर्व कामगिरीवर पुन्हा एकत्र आले. सुमारे सहा हजारांच्या त्या दलात पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, म्हणजे मराठा, पलटण होती. भारतीय सैनिकाने दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवता कामा नये, असा हट्ट सिंगमन री यांनी धरल्यामुळे, इंचॉनच्या समुद्रात उभ्या असलेल्या आगबोटींवरून या हजारो जवानांना हेलिकॉप्टरांनी उचलून निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरविण्यात आले. तेथे त्यांनी आपली वसाहत वसविली आणि तिला हिंद नगर असे नाव दिले.

सप्टेंबरात २२,६०४ कैदी दक्षिणेच्या बाजूने व ३५९ कैदी उत्तरेच्या बाजूने त्यांच्या स्वाधीन झाले. दक्षिणेकडून आलेले कैदी आपल्या पहारेकऱ्यांचा द्वेष करीत आले होते, कारण भारतीय म्हणजे साम्यवाद्यांचे हस्तक, ते आपल्याला बळाने चीनला धाडतील, असे त्यांच्या मनावर ठसविण्यात आले होते. सप्टेंबरच्या अखेरीस एका आवारात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आत नेऊन डांबले, तेव्हा थोरात स्वतः त्या आवारात गेले. भोवती खवळलेला जमाव, बाहेर बंदुका सज्ज केलेले आपले जवान, आणि एक गोळी सुटली तर शेकडो माणसांबरोबर शस्त्रसंधीचाही बळी जाणार, अशा अवस्थेत त्यांनी गोळी झाडू न देता जमावाला बोलण्यात गुंतविले आणि त्या अधिकाऱ्याची सुटका करून ते बाहेर आले. या कृत्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, म्हणजे ज्याला आज कीर्तिचक्र म्हणतात तो मान मिळाला. रणांगणावर शौर्य गाजविणारे सेनापती आपल्या इतिहासात पुष्कळ आहेत. हाती बळ असताना ते न वापरण्याचे शौर्य ज्याने गाजविले त्याची गणना मी त्यांच्याही वरच्या पंक्तीत करीन. नेहमीच असे साधले असे नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कैद्यांनी कुंपण फोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्यू पावले.

१५ ऑक्टोबरपासून समजूत घालण्याचे काम सुरू झाले, आणि योजनेतील हा भाग, स्पष्टच सांगितले पाहिजे, अयशस्वी झाला. कैदी तंबूत येत ते आरडाओरडा करीत. चिनी अधिकारी एकेका माणसाला तासन् तास धरून बसत. कित्येक आवारांतील पुढारी आपल्या माणसांना बाहेरच पडू देत नसत. बळ वापरून त्यांना बाहेर काढावे असा पोलंड व चेकोस्लोव्हाकियाचा आग्रह, ते कदापि होऊ देणार नाही असा स्वीडन व स्वित्झर्लंडचा. आणि निर्णय थिमय्यांच्या हाती. त्यांनी बळ वापरू दिले नाही. पण अहवाल लिहिताना, या आवारांत कैद्यांना मोकळेपणाने आपली इच्छा सांगता येत नव्हती, हेही भारताने पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांच्याबरोबर नमूद केले, आणि त्यावर स्वीडन व स्वित्झर्लंड यांनी भिन्न मत दिले. दोन्ही निर्णयांनी एकेक पक्ष दुखावला. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते.

२३ डिसेंबरला नव्वद दिवसांची मुदत संपली. त्या २२,६०४ कैद्यांपैकी परत गेले ते अवघे ६२८. उत्तरेकडून आलेल्या ३५९ पैकी, ज्यांत २३ अमेरिकन व एक इंग्रज होता, दहाच जणांनी मन बदलले. राजकीय परिषद भरलीच नव्हती, म्हणून उरलेल्यांचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडेच उरला नव्हता. तेव्हा थिमय्यांनी जानेवारी १९५४ मध्ये, कैदी ज्या पक्षाकडून आले होते त्याच्याच हवाली करून आयोगाचे काम आटोपते घेतले. कैद्यांना आपणच मुक्त घोषित करावे हे त्यांनी मानले नाही, आणि याबद्दलही दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर रोष ओढवला. ८८ कैदी असे निघाले की ज्यांना इकडेही जावयाचे नव्हते आणि तिकडेही. ते आपल्या पहारेकऱ्यांबरोबर बोटीने भारतात आले, आणि त्यांपैकी बहुतेक पुढे ब्राझील व अर्जेंटिना येथे जाऊन स्थायिक झाले. ज्या भारतीयांवर ते पहिल्या दिवशी दगड फेकीत होते त्यांच्याच देशाचा त्यांनी आसरा मागितला, यापेक्षा त्या दलाच्या वागणुकीला वेगळे प्रशस्तिपत्र नको.

मात्र ज्या राजकीय परिषदेने कोरियाचा कायमचा निकाल लावावयाचा होता, तिच्यातून भारताला वगळण्यात आले. ऑगस्ट १९५३ मध्ये राजकीय समितीत भारताच्या समावेशाच्या बाजूने २७ व विरुद्ध २१ मते पडली. बहुमत होते, पण आमसभेत लागणारे दोन-तृतीयांश मताधिक्य नव्हते, आणि अमेरिकेचा विरोध उघड होता. भारताने मग आपले नाव मतास टाकू नये असे स्वतःच सांगितले. गावच्या भांडणात दोन्ही घरांनी आपली ठेव ज्याच्या हाती विश्वासाने सोपवावी, त्यालाच पुढे वाटणीच्या बैठकीस बोलावू नये, असा हा प्रकार झाला. परिषदेच्या पूर्वतयारीची बोलणी डिसेंबरात मोडली. जिनीव्हा येथे एप्रिल १९५४ मध्ये जी परिषद भरली तिचा कोरियाविषयक भाग १५ जून रोजी निष्पत्तीविना संपला.

या साऱ्या प्रकरणात भारताच्या हाती काय लागले, असा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. जागा मिळाली नाही, आभार फारसे कोणी मानले नाहीत, चीनशी असलेले सख्य एका तपाच्या आत हिमालयात गोठून गेले, आणि तेथील धोक्याची जाणीव पूर्व विभागाचे सेनापती असताना ज्यांनी सरकारला वेळीच करून दिली, ते हेच थोरात होते. भारताच्या धोरणातील उणीव मला दिसते ती येथे: पान्मुन्जोमला ज्या काटेकोरपणाने आपण दोन परक्या पक्षांच्या हेतूंची पारख केली, तितक्या काटेकोरपणाने आपल्या शेजाऱ्याच्या हेतूंची केली नाही. परंतु त्यामुळे कोरियातील कामाचे मोल उणे होत नाही. तटस्थ म्हणविणारी राष्ट्रे जगात तेव्हाही बरीच होती. तटस्थतेची जबाबदारी म्हणून आपली सहा हजार माणसे दोन सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात कडाक्याच्या थंडीत नेऊन उभी करणारे राष्ट्र एकच होते, आणि ती उभी राहिली नसती तर शस्त्रसंधीच्या कागदावरील शाई वाळण्याआधीच तो कागद फाटला असता.

या दलात गेलेले मराठे जवान सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गावांतील होते. त्यांनी हिंद नगराहून घरी धाडलेली पत्रे, तेथे काढलेली छायाचित्रे, क्वचित कोणी लिहिलेली रोजनिशी, ही अजूनही काही घरांच्या पेट्यांतून असतील. सरकारी अहवालांत थिमय्या व थोरात सापडतात. कुंपणाच्या एका बाजूस बंदूक खाली धरून रात्रभर उभा राहिलेला शिपाई सापडतो तो अशा कागदांत. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये, आणि आपल्या इतिहास संशोधन मंडळांनी पेशवाईच्या दप्तराइतक्याच आस्थेने ते मागून घेऊन जतन करावे, अशी माझी विनंती आहे.